वाघरीची गाठ

आबा,

कारखान्यावर हाय म्हनून फोनवर सांगतो, ते खोटं हाय. मी रत्नागिरीला मासेमारीच्या बोटीवर हाय.

शिरूरच्या माळावर मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, वाघर, इनायला तुमीच शिकवलं. ती गाठ बघून तांडेलानं, म्हंजी बोटीच्या म्होरक्यानं, जाळ्याचं काम मला दिलं. माशांची पिल्लं सुटून जावीत म्हनून जाळ्याची भोकं मोठी ठेवायचा सरकारी नियम हाय. तसलं जाळं आमी बंदरावरच्या सरकारी सायबाला दाखवतो. पर त्याच्या आत बारीक जाळं असतं. ते मी इनलंय.

बारकी मासळी बंदरावर उतरवायला बंदी हाय, म्हनून वाटंतच मेलेली पिल्लं फावड्यानं पान्यात लोटतो. काल सायबानं इचारलं, "लहान मासळी आहे का?" मी म्हनलो, "एक बी न्हाई." टोपल्यात खरंच नव्हती.

दूध पिनारं कोकरू तुमी कधी खाटकाला दिलं न्हाई.

हे पत्र धाडनार न्हाई. धाडलं तर धाकटी भन शिवकन्या वाचून दाखवंल, तवा तुमी वाघर सांधत बसलेले असाल. ऐकून त्यातल्या मी मारलेल्या गाठी सोडायला लागाल.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
अंगद