धुडकूभाऊची चप्पल

शिंदखेडा, सोमवार

प्रिय आत्या,

अहिराणी सिनेमातला आपला लाडका धुडकूभाऊ गेला. काल गल्लीत शोकसभा घेतली. मी भाषण लिहून नेलं होतं. दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं, तर नानांनी पायातली एक चप्पल काढून उंच धरली! प्रत्येक सिनेमात पळताना धुडकूभाऊची एक चप्पल पडायची आणि अख्खं थिएटर आपली चप्पल वर करायचं, आठवतं? बघता बघता सगळ्यांच्या चपला वर. मग कसली शांतता! हसत हसत मीही माझी काढली.

नाना डोळे पुसत म्हणाले, "अक्का ऱ्हाती ना, दोन्ही वर करती!"

माझ्या कॉलेजसाठी तू त्यांच्याशी भांडलीस, तेव्हापासून त्यांनी तुझं, सख्ख्या बहिणीचं, नाव घेतलं नव्हतं. मी पदवीधर झाले तेव्हाही नाही.

तूच एकदा ये, असं लिहायला बसले होते. इतक्यात नानांनी तुझ्या गावच्या गाडीची वेळ विचारली, "सकायनी भुसावळनी गाडी कितला वाजता शे वं?"

आता हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या दारातच तुझ्या हातात देते. तुझ्या दारात ते काही बोलणार नाहीत, फक्त एक चप्पल काढून वर धरतील. तू दोन्ही धर.

तुझ्या हट्टानं बी.ए. झालेली,
हेमलता