नवशाच्या होडीत पहिला पाय

४ ऑक्टोबर १९८७

झालं एकदाचं! वाहनांच्या संग्रहालयांची म्हणे जगभरची एक संघटना आहे, तिच्या संचालक मंडळावर आमचे कमलाकांतराव निवडून आले. बोईसरच्या कारखान्यात स्टोअरकीपर आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर पत्र्याच्या शेडमध्ये चार जुन्या शिडाच्या होड्या – एवढाच यांचा पसारा. पण मंडळाला लहान गावातला एक माणूस हवाच होता. तार आल्यापासून स्वारीचे पाय जमिनीवर नाहीत. वर्गात पोरांनी विचारलं, बाई, साहेब विमानात बसणार? म्हटलं, बसतील बाबा, आधी पाढे म्हणा.

खोटं कशाला लिहू – मलाही आनंद झालाय. वीस वर्षं या माणसाला सगळे वेडा म्हणत होते. मीसुद्धा.

११ ऑक्टोबर

मंडळावर यांच्याबरोबर आणखी दोन नवे सदस्य आलेत. हॉलंडच्या योहानाबाई, त्यांच्याकडे जुन्या ट्राम आहेत. आणि श्रीलंकेचे परेरा, रेल्वे इंजिनवाले. डिसेंबरात दोघं मुंबईला येणार, तिथून एक दिवस आपल्याकडे. यांनी परस्पर कळवून टाकलं – तुम्हाला शिडाच्या होडीतून समुद्रात नेतो! संघटनेत चालत्या वाहनाला मान आहे, नुसतं मांडून ठेवलेल्याला नाही, असं यांचं म्हणणं.

कुठली होडी, म्हणून विचारलं. चारातल्या तीन तर खिळखिळ्या झाल्यात.

"नवशाची," म्हणाले.



१२ ऑक्टोबर

काल पुढे लिहवलं नाही.

नवशा आठ वर्षांपूर्वी एकटाच जाळं टाकायला गेला. होडी घिवलीसमोर रिकामी तरंगताना सापडली, शीड नीट गुंडाळलेलं. नवशा नाही. कोळीवाड्यात त्या होडीला कुणी हात लावेना, आणि मोडूही देईनात. तेव्हा यांनी ती मागितली. नवशाच्या बायकोने, येसूबाईने, एका अटीवर दिली – वाळूवर असेल तोवर कुणीही चढा-उतरा, वाळूवर ते लाकूड. पण पाण्यात उतरली की त्यात पहिला पाय नवशाचा. तरंगत्या होडीत पहिला पाय ठेवतो तो तिचा नाखवा, अशी कोळ्यांची रीत. दुसऱ्या कुणी ठेवला, तर जुना नाखवा मेला.

आणि नाखवा समुद्रावर असेल तोवर त्याच्या बायकोने रोज तिन्हीसांजेला होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, दिवा लावायचा. येसूबाई आठ वर्षं लावतेय. तेलाची बाटली पदराखाली धरून आमच्या दारावरून जाते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

१९ ऑक्टोबर

यांनी तोडगा काढला. पहिला पाय नवशाचा धाकटा भाऊ रामा ठेवेल. होडी घरातच राहिली, मग अट कुठे मोडली? रामा हो म्हणाला म्हणे. मी विचारलं, येसूबाईला विचारलंत का? तर म्हणाले, रामा सांगेल. म्हणजे नाही विचारलं.

२ नोव्हेंबर

रंग द्यायला परवा बोईसरहून बन्सी पेंटर आला होता. निळा आणि पांढरा. जेवताना मला विचारतो, "भाभीजी, इसका मालिक कहाँ है?" मी म्हटलं, समुद्रावर गेलाय. सहज तोंडातून निघालं. दुसऱ्या दिवशी बन्सी आला नाही. एक बाजू यांनी स्वतःच रंगवली, ओघळ आलेत.

२३ नोव्हेंबर

येसूबाई आज दारात थांबली. कधी थांबत नाही.

रंग पाहिला म्हणाली, छान दिसतो. मग म्हणाली, "मास्तरीण, होडी पाण्यात गेली तर माजा कुंकू गेला. साहेबांना सांगा. मी भांडाया नाय आली."

मी रात्री यांना सांगितलं. वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, अगं, आठ वर्षं झाली, ती बाई उगाच स्वतःला जाळत बसलीये, एका परीने सुटेल. चिडले मी. सुटेल! कुणी सांगितलं हिला सुटायचंय म्हणून? पण खरं सांगायचं तर मलाही वाटतं, नवशा काही येत नाही. म्हणून फार भांडले नाही.

६ डिसेंबर

होडी खाडीत बुडवून ठेवलीय. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्यांच्या फटी बुजतात. बुडलेल्या होडीत कुणी पाय ठेवत नाही, ती अजून तरंगती नाही – रीत पाळतोय हो, असं हे मला हसत सांगतात. वरून पाहिलं तर पाण्याखाली नुसती नाळ दिसते. मला बघवेना. परत आले.

येसूबाई तिथेच काठावर दिवा ठेवून गेली होती. वाऱ्याने विझला होता.

१३ डिसेंबर

पाहुणे आले. योहानाबाई ताडमाड, उन्हाने लालेलाल, पण गोड. आमचं सुक्या बोंबलाचं कालवण तीनदा घेतलं. परेरा अबोल. त्यांना विचारलं, मंडळात जुने लोक कसे आहेत? म्हणाले, आम्ही तिघंही नवे, आम्हाला काय माहीत.

मग किनाऱ्यावर. अर्धा कोळीवाडा जमला होता. खाडीतून काढून, रिकामी करून वाळूवर आणलेली होडी भरती आली तशी तरंगली. हे म्हणाले, चल रामा. रामा गुडघाभर पाण्यात दोर धरून उभा. पाय उचलेना. हे पुन्हा म्हणाले. तो होडीकडे न बघता म्हणाला, "साहेब, मी चढलो म्हंजे दादा मेला ना. माज्यानं नाय व्हायचा."

भरतीला थोडाच वेळ होता. योहानाबाई कॅमेरा लावून उभ्या. यांनी इकडे तिकडे पाहिलं, पँट वर दुमडली, आणि टुणकन उडी मारून आत! वळून मला हात केला – बघ, काही झालं का? पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. मी येसूबाईला शोधत होते. ती वाळूवर बसली होती. रडली नाही. नुसती उठली आणि घराकडे गेली.

होडी छान गेली, छान परत आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

१४ डिसेंबर

पाहुणे गेले. मला रडू येतंय आणि कारण सांगता येत नाही.

१५ डिसेंबर

येसूबाई आली. कपाळ पांढरं. हात मोकळे. मला तिच्याकडे बघवेना. तिने तेलाची बाटली आणि पणती माझ्या उंबऱ्यावर ठेवली.

"आठ वर्सं मी लावला. आता नाखवा तुमचा. दिवा तुमी लावा."

मी म्हटलं, येसूबाई, हे घरातच आहेत, आत झोपलेत. तिने मान हलवली. रागाने नाही – उलट मायेनेच माझ्या गालावरून हात फिरवला. तेवढ्यानेच जीव घाबरला माझा.

यांना सांगितलं तर खो खो हसले. म्हणाले, चला, मला नाखवा केलं, हेही एक पदच! मी बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवली. मला नाही असली थेरं जमायची.

६ जानेवारी १९८८

मंडळाची पहिली बैठक, हॉलंडला. नवे बूट, नवा कोट, बॅगेत नवशाच्या होडीचे फोटो. दारात येसूबाई भेटली. कुठे चालले विचारलं. मी म्हटलं, विमानाने, समुद्रापलीकडे.

"खाली पाणीच ना?" म्हणाली.

मी रागाने दार लावलं. हे बोईसरच्या एसटीत बसले, खिडकीतून हात करत गेले. पोचल्यावर लगेच तार करतो म्हणाले.

९ जानेवारी

तार नाही. नवे बूट, नवे लोक – बायको कशाला आठवतेय!

११ जानेवारी

पोस्टात जाऊन आले. पोस्टमन म्हणाला, परदेशची तार कधी कधी उशिरा येते. दोनदा म्हणाला.

१२ जानेवारी

पिठाचा डबा हलवताना बाटली हाताला लागली. परत ठेवली.

१३ जानेवारी

शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मला बोलावलं. हॉलंडहून फोन होता. योहानाबाई. आवाज लांबून येत होता. बैठक कालच संपली म्हणाल्या. परेरा आले होते, सगळे आले होते. त्या विमानतळावर दोन दिवस गेल्या. मग मला विचारलं, कमलाकांत घरून निघालेच नाहीत का?

तिन्हीसांजेला बाटली घेऊन शेडवर गेले. वारा होता. पदराचा आडोसा करून दिवा लावला.