काकीच्या पोलक्याचा तुकडा

आई, फ्रिजमधली ती पुरचुंडी मी ठेवली होती. काकीने नव्हे.

गोवा राज्य झालं ते वर्ष. बाबा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, त्या कमाईतून आपल्या धारगळच्या घरात फ्रिज आला होता. घर तेव्हा एकत्र, चूल एक. हरमलला माझ्या मित्राच्या घरी खोली घेऊन राहिलेल्या एका गोऱ्याने मला मनालीहून आणलेल्या देवदाराच्या बिया दिल्या. ओल्या रेतीत घालून महिनाभर थंडीत ठेव, हिवाळा सरला असं वाटल्याशिवाय त्या रुजत नाहीत, असं मित्राने समजावलं. फ्रिजात रेती गेलेली तुला खपली नसती. म्हणून शिवणाच्या टोपलीतला एक लाल तुकडा घेतला, त्यात सगळं भरून काळ्या दोऱ्याने करकचून बांधलं आणि भाजीच्या मागे सारलं. तो तुकडा काकीच्या पोलक्याचा होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तुझ्या मात्र लगेच आलं. मला दोन दिवस ताप होता, तेवढं निमित्त पुरलं. तू पुरचुंडी चिमट्याने उचलून देवस्की बघणाऱ्या घाड्याकडे नेलीस. तो म्हणाला, घरातल्याच माणसाची करणी. आलीस ती थेट काकीच्या पुढ्यात ती रेती, त्या बिया टाकून उभी राहिलीस. “माझ्या पोराच्या जिवार उठलंस?” काकीने देवाची आण घेतली, रडली, तुझे पाय धरले. मी गोधडीत जागा होतो गं. सगळं ऐकत होतो. तुझा आवाज ऐकून गोधडी तोंडावर ओढून घेतली. उद्या सांगू म्हटलं. उद्या तू दुसरी चूल मांडलीस.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात काकी पेज घेऊन आली, आठवतं? तू वाटी हुंगलीस आणि ती वळताच मला खुणावलंस, बाहेर ओत. मी ओतली. मेल्या, तेव्हा तरी बोलायचं होतंस, असं स्वतःला किती वेळा म्हटलंय.

यंदा मनालीला गेलो आणि देवदाराच्या बिया घेऊन आलो. तशाच ओल्या रेतीत, पण प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. चार रुजल्या, एकेका काडीवर हिरव्या सुयांचा झुबका. काकी आता पार थकलीय, तरी रोज काठी टेकत येऊन बघते. रोपांकडे बघते की माझ्याकडे, कळत नाही. मला तिचा संशय येतो, बघ, मला तिचा! हे पत्रही घरात कुठे ठेवावं सुचत नाही, चष्मा लावून ती अजून अक्षर न् अक्षर वाचते.

परवा कुंडीतल्या रेतीवर बोट फिरवत तिने हळूच विचारलं, “बी फ्रिजांत दवरिल्लें काय रे?”

मी म्हटलं, नाही गे काकी, फ्रिजात कशाला ठेवू, डिचोलीहून तयार रोपंच आणली.