ओबोची खुर्ची

पॅरिस, ६ मे १९१२
भिकार! याला दुसरा शब्द नाही. 'मीठ' म्हणे नव्या नाचाचं नाव. बायका पाय आत वळवून धपाधप जमीन तुडवतात. आणि संगीत? जिन्यावरून भांड्यांची टोपली सोडून द्यावी, मग गोळा करून पुन्हा सोडावी— तसं! माझ्या ओबोच्या गोड नळीला तर किंचाळायलाच लावलंय. एवढ्या वरच्या सुरात कोणी सभ्य माणूस जात नाही.

मी संगीतशाळेची पायरी चढलो नाही. वडिलांच्या खोगिरांच्या दुकानामागे एकट्याने शिकलो, आणि आज या थिएटरात पहिल्या ओबोची खुर्ची माझी आहे. ती असल्या कचऱ्यासाठी झिजवायची नाही. उद्यापासून बर्तोला पाठवतो. सगळेच पाठवतात— तालमीला बदली, खेळाला आपण. बर्तो जन्मभर बदली म्हणूनच बसत आलाय.

१० मे
ओबोच्या तोंडाची वेताची पत्ती तासत होतो. दोन्ही पाती सारखी उतरल्याशिवाय मी सुरी खाली ठेवत नाही. बर्तो आला, घामाघूम.
"काय म्हणतंय तुझं मीठ?"
"जखमेवर पडतंय, साहेब."
बरा विनोद— बर्तोच्या मानाने! मग म्हणतो, "तुम्ही एकदा येऊन जा. ताल सारखा बदलतो."
हा मला ताल शिकवणार!

१९ मे
क्लेमाँसचंही तेच. "अहो, एकदा जाऊन तर या. तोंडावर पडाल." बायकोनेही सांगायचं बाकी होतं!

२८ मे
खेळाआधीची शेवटची तालीम. आज मी बसलो माझ्या जागी.

सगळी वाद्यं थांबली आणि मी एकटाच वाजलो, एक ठोका आधी. मोठ्याने. पुन्हा घेतलं— पुन्हा तेच. झांजवाला हसला. हसला! संचालक देलवाल हळूच म्हणाले, "रूव्रे, उठा. खेळाला बर्तो बसतील. तालमी त्यांनी केल्यात."
बर्तो 'बसतील'!
"चूक सुरांच्या कागदावर आहे!" मी ओरडलो.

३० मे
पहिला खेळ. तिकीट काढून वरच्या गॅलरीत बसलो. खिशात घराची किल्ली, पोकळ दांड्याची. ओठाला लावून फुंकली की अशी शिट्टी वाजते, भल्याभल्यांचा खेळ पडतो. पाडणारच होतो.

पण लोकांनी माझ्याआधीच सुरू केलं. शिट्ट्या, मांजरांचे आवाज, "अरे, डॉक्टर बोलवा यांना!" एका बाईने शेजाऱ्याला पंखा हाणला. खाली बर्तोचे खांदे वर गेले— आणि ते किंचाळणं आलं. एकटं. नेमकं तिथे, जिथे मी चुकलो होतो, पण एक ठोका थांबून. तुडवणाऱ्या बायका जागच्या जागी थिजल्या. माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे कागद बरोबर होता.

तेवढ्यात शेजारच्याने किल्ली फुंकली. मी त्याची गचांडी धरली. "गप, गाढवा! ऐकू दे!"

घरी आलो तेव्हा कॉलर फाटलेली— माझी.

३१ मे
संगीत भिकारच आहे. सकाळी त्या वरच्या सुरासाठी एक कडक पत्ती तासली आणि ती घेऊन बर्तोकडे गेलो. म्हटलं, "कधी आजारी पडलास तर... बदलीला मी आहे."
तो पत्ती उजेडात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुवारी मला ताप येईल, साहेब. पण उद्या तालमीला यावं लागेल."

दहा वाजता आहे. जाणार.