गुरुवारचे कान

गुरुवार, संध्याकाळ. कंपनीला सुट्टी.

आठवडाभर पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपच्या धडधडीतून घरी आलो की हेडफोन लावून गिटारवर मेटल संगीताचा टोन जमवत होतो. मोठ्या अ‍ॅम्पचे आवाज काढणारं एवढंसं डिजिटल यंत्र. आवाज फाडणारा गेन वाढवला, तो टोकदार करणारा ट्रेबल वाढवला, तरी धार कमीच वाटायची. आज स्पीकरवर वाजवलं, तर सारिका स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, घरात पत्रा कापताय का?"

खरंच, पत्राच. म्हणजे रोज शिफ्टनंतर माझे कानच बधिर असायचे? गेन, ट्रेबल दोन्ही खाली आणले. मग जाड तार अशी घुमली की खिडकीबाहेरची अख्खी निगडी तरंगायला लागली.

उद्या संध्याकाळी शिफ्टवरून आलो की हाच आवाज मला मंद वाटणार. तरी बटणाला हात लावायचा नाही. सारिकालाच विचारायचं, अजून घुमतंय ना गं?