पुस्तकातली सोशिक बाई

प्रिय याडी, माझे माय,

तू देवाघरी गेल्यापासून तुले एक ओळ लिहिली नाही. लिहू तरी कशी? मनात तुझ्याबद्दलच संशय होता! आता लिहून राह्यली, कारण परवा ढाणकीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात पुण्याच्या एक मॅडम आल्या. तुझा तो वावरातला जुना फोटो त्यायले पुस्तकात छापायचा आहे. उद्या माझी सही घ्यायले येणार. लई गोड बोलत होत्या. एवढं गोड बोलणाऱ्याचा मले भरवसाच वाटत नाही.

पुस्तक आशियातल्या बायांवर आहे म्हणे. तुझ्या फोटोखाली लिहिलं, 'सोशिक, अबोल'. अबोल? तू? अवं, तुझी शिवी अख्ख्या तांड्याले ऐकू जाय! समोरच्या पानावर व्हिएतनामची भात लावणारी बाई, तिच्याखालीही तेच. मी इचारलं, "मॅडम, हिले बोलताना ऐकलं का तुम्ही?" तर म्हणाल्या, "अहो, आपल्या आशियाई बायका सगळ्या सारख्याच ना!"

सारख्या! इथं आपल्या तांड्याची बोली पलीकडच्या कोलामांच्या पोडावरच्या बाईले समजत नाही, अन् ह्या निघाल्या सगळ्यायले एकाच पोत्यात भराले.

कापूस मातीमोल झालता, त्या सालातला फोटो. तवा गाड्या भरभरून लोक आपलं दुःख पाहाले येत. त्यातल्या फोटोवाल्यायनं तुझा आरशांचा घागरा, फेटिया, अन् कांचळी चोळी उतरवाले लावली. आरसे लई चमकतात, गरीब वाटत नाही म्हणे! विधवा दिसावी म्हणून पांढरी साडी देली. मी शाळेतून आली, तर तू वावरात खाली मान घालून उभी, डोईवर पदर, अन् कानाजवळ केसात लोंबणारी चांदीची घुगरी दिसेना. घुगरी तर नवरा गेल्यावरच उतरवतात. अन् बा बांधावर बिडी ओढत बसलेला, धडधाकट!

पुढच्याच साली बाले साप चावला अन् तो गेला. तांडा कुजबुजला, फोटोसाठी हिनं जित्या नवऱ्याची घुगरी काढली. मीही तेच धरून बसली. तोंडावर कधी इचारलं नाही, फक्त तुझ्या हातचं जेवण टाळू लागली. तुले समजलं असंलच. मग काहून बोलली नाही तू? जगाशी भांडणारी, माझ्याच पुढं कायले गप्प राह्यली?

मॅडम ठेवून गेल्या तो फोटो काल सोनकीमावशीले दाखवला. त्या दिवशी ती तुझ्या बाजूलेच कापूस वेचत होती. ती म्हणाली, "घुगरी काढा म्हणे ते. तुही माय म्हणाली, आधी माहं मुंडकं काढा! मंग पदर पुढं ओढला अन् टोक दातात धरलं, घसरू नये म्हणून."

मावशी तुझी मैतरीण, तुझ्यासाठी खोटंही बोलंल. म्हणून मी फोटो उजेडात धरला. दोन्ही कानांपाशी पदराखाली उंचवटा आहे, याडी! अन् पदराचं टोक तुझ्या दातात आवळलेलं. मी लई रडली.

उद्या मॅडमले सांगीन, ते दोन शब्द खोडा. तुझं नाव, आपला तांडा, आपली बोली लिहा, अन् फोटो काढताना बाईचा नवरा जिता होता हेही लिहा. नाही तर सही नाही. पण त्याआधी आज तांड्यात जाणार आहे. नायकाच्या दारात बाया बसतात, तिथं फोटो दाखवून सगळं सांगीन. अन् तुझ्यावर संशय घेणाऱ्यांत मी पहिली होती, हे सगळ्यायच्या आधी सांगीन.

तुझीच पोरगी,
शेवंता