हयातीचा दाखला

पलूस,
रविवार, २ मार्च २०२५

चि. वीरधवल,

आबाचा आशीर्वाद. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. उसाला तोड आली एकदाची. टोळीवाला महिनाभर आज-उद्या करत होता. शेवटी त्याच्या दारात खुर्ची टाकून बसलो, तेव्हा हलला. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या आईचा गुडघा दुखतोय, पण ऐकते कुणाचं!

पत्ता तुझ्या मामाच्या प्रांजलकडनं घेतला. सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी अडलं असणार, असं तुला वाटेल. अडलंच आहे. तीन रविवार झाले, तू आईला फोन केला नाहीस. जेवणं झाली की ती मोबाईल घेऊन गच्चीवर जाते. आज दोन तास उन्हात बसली. खाली आली नि म्हणाली, "आवं, पोरगं आजारी तर नसंल?" मी म्हणालो, कामात असेल.

तुला म्हणून सांगतो. तुझा फोन आला की मी जिन्याखाली उभा असतो. तुझं काही ऐकू येत नाही, तिचंच येतं. ती "जेवलास का?" म्हणते, मग थांबते, मग "बरं" म्हणते, त्यावरनं मी समजतो की तू जेवलास. तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. आता तेही बंद.

फोन का येत नाही ते मला ठाऊक आहे. प्रांजलनं तुला पेपरातला फोटो पाठवला आणि तू तिला उत्तर दिलंस, "आबांना सांग, हार छान होता." तिनं सांगितलं मला. रडत सांगितलं.

तर झालं ते असं. तुझ्या विश्रामबागच्या आर्किटेक्चर कॉलेजात मी यंदापासून एक बक्षीस ठेवलंय. चौथ्या वर्षाला जो कुणी घराचा सगळ्यात चांगला आराखडा करेल, त्याला. "वीरधवल पारितोषिक", एवढंच मी कागदावर लिहून दिलं होतं. मधे "स्मृती" हा शब्द तिथल्या कारकुनानं घातला. आपल्याकडं माणसाच्या नावाचं बक्षीस म्हटलं की तो माणूस गेलेलाच असणार असं लोक धरून चालतात. आठ फेब्रुवारीला मी इस्त्रीची कापडं घालून गेलो, बघतो तर स्टेजवर तुझा फोटो. त्यांनी मागितला होता म्हणून मीच दिलेला. मला वाटलं भिंतीवर लावतील. पुढं समई, उदबत्त्या, सगळं साग्रसंगीत. एक बाई माइकवर म्हणाल्या, "आता सुभेदार साहेब प्रतिमेस पुष्पहार अर्पण करतील." प्राचार्यांनी माझ्या हातात चंदनाचा हार दिला. दोनशे पोरं उठून उभी राहिली. तिथं मी काय बोंब मारू? फौजेत अठ्ठावीस वर्षं हातात दिलेलं काम करून मोकळं व्हायची सवय. घातला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सकाळी सातला शेजारचा कोंडीबा दारात हजर. डोक्यावर टोपी, खाली मान, पायरीवर बसला. मग हळूच म्हणतो, "सुभेदार, कवा झालं रं? कळवायचं तरी गड्या." मी म्हणालो, "गप बस कोंडीबा, पेपरवाल्याची चूक हाय. आमचं पोरगं ठणठणीत हाय तिकडं अहमदाबादला. चहा पी आन् सुट." त्याला म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की तोंड उघडणार नाही. पेपर गोठ्यात आढ्याला खोवला. नशीब, तुझी आई तेव्हा देवळात गेली होती.

चूक कारकुनाची आहे. त्याला मी चांगला झापणार आहे. तुझ्या आईला बक्षीस ठाऊक आहे, हाराचं काही माहीत नाही आणि होऊ नये. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नको. रविवारी दुपारी एक फोन कर, मी जिन्याखाली थांबणार नाही.

आबा


पलूस,
२७ मार्च २०२५

चिरंजीव वीरधवल,

पत्राला उत्तर नाही, फोनही नाही. बरोबर केलंस. मागचं पत्र मी अर्धं खरं लिहिलं होतं. आता तुझी आई समोर बसलीय आणि लिहून झालं की ती वाचणार आहे, त्यामुळं सुटका नाही.

गेल्या गुरुवारी एक मुलगी आली. उत्कर्षा नाव, माण तालुक्यातली. तुझं बक्षीस तिलाच मिळालं. तिचा बाप केरबा मेंढ्या घेऊन आठ-आठ महिने बाहेर असतो. वर्षातनं चारच महिने माणसं राहतात असं घर तिनं काढलंय. जाताना मेंढरांचं काय, आल्यावर कोकरांचं काय, सगळा विचार केलाय पोरीनं. बापानं आपल्यासाठी घोंगडं पाठवलं होतं. माझ्या पाया पडली, मग आईच्या. आणि आईचे हात धरून म्हणाली, "आई, मी दादांना जन्मभर विसरणार नाही. त्यांची चित्रं बघायला मिळतील का?"

तुझी आई हरखली. म्हणाली, "बघ की! आन् त्यालाच फोन कर ना. नंबर देते. माझा उचलत न्हाई, तुझा तरी उचलंल."

पोरगी पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. शेवटी आईनंच खोदून खोदून विचारलं, आणि त्या बिचारीनं मोबाईलवरचा फोटो दाखवला. तुझी आई डोळ्यांजवळ नेऊन लय वेळ बघत राहिली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. पण नाही. म्हणाली, "फोटो कुठाय?"

कार्यक्रम झाल्यावर त्यांनी तो मला परत दिला होता. चंदनाच्या हारासकट. तो कुठं लावावा ते मला समजलं नव्हतं. माझ्या आई-वडलांच्या फोटोंशेजारी लावायचा नव्हता, आणि हार घातलेला फोटो पुढच्या खोलीत तरी कसा लावायचा? म्हणून टॉवेलात गुंडाळून माझ्या फौजेच्या ट्रंकेत ठेवला होता. काढून आणला. आई म्हणाली, "ज्या हातानं घातला त्याच हातानं काढा." काढला. मग तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन तुझ्या फोटोची दृष्ट काढली आणि चुलीत टाकली. म्हणते, "बघा, ठसकाबी लागला न्हाई, येवढी लागली हुती माझ्या लेकराला." मला चांगला ठसका लागला होता, पण मी दाबून धरला. हे तिला आत्ता वाचताना कळेल.

उत्कर्षाला आम्ही जेवल्याशिवाय सोडलं नाही. ती गेल्यावर आईनं विचारलं, "कारकुनानं केलं म्हंता. मग तुमी न्हाई का म्हनला न्हाईसा?"

वीरधवल, खरं ते असं आहे. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी त्या कारकुनाचा फोन आला होता. "साहेब, पत्रिका छापायचीय. मुलगा हयात नाही ना?" एवढंच विचारलं. सरळ प्रश्न होता. मी गप्प राहिलो. नुसता फोन कानाला लावून उभा राहिलो. तो म्हणाला, "माफ करा साहेब, विचारायला नको होतं." आणि त्याच्या आवाजात इतकी माया होती रं, की मला पुढं बोलवलंच नाही. सहा वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. पोरगं घर सोडून गेलं म्हटल्यावर लोक विचारतात, सुभेदार, तुमी केलं काय त्याला? पोरगं वारलं म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही. पाठीवर हात ठेवतात. मला तो हात पाहिजे होता. त्या दिवशी हार घालताना मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. रडायला मला तुझा फोटो असा मांडावा लागला, इतका मी वाईट माणूस आहे.

आणि लोकांनी विचारलं असतं, की केलं काय त्याला, तर काय सांगणार होतो? देशातनं अकरा पोरं निवडली होती पुढच्या शिक्षणाच्या त्या शिष्यवृत्तीला, त्यात तू एक. नुसती पालकाच्या संमतीची सही पाहिजे होती. मला शिष्यवृत्ती म्हटलं की तहसीलदार, उत्पन्नाचा दाखला, रांग, एवढंच माहीत. आपल्या गावात गरिबाच्या पोरालाच मिळते ती. माझ्या मनात आलं, बागायतदार, वर सुभेदार, आणि पोरगं दुसऱ्याच्या पैशावर शिकणार? लोक तोंडात शेण घालतील. तुला न सांगता एस.टी.नं विश्रामबागेला गेलो आणि अर्ज दिला : "आमची परिस्थिती चांगली आहे. सदर शिष्यवृत्ती गरजू विद्यार्थ्यास द्यावी." खाली झोकात सही. घरी येऊन तुलाच फुशारकीनं सांगितलं. मला वाटलं तू म्हणशील, वा आबा. तू म्हणालास, "आबा, ती मदत नव्हती. मी जिंकलो होतो ती." आणि मुदत त्याच दिवशी संपली होती.

जिंकलो म्हणजे काय ते मला उत्कर्षाला बक्षीस देताना कळलं. ती खाली उतरल्यावर प्रमाणपत्र छातीशी धरून बसली होती. तिचा बाप मेंढ्यांमागं लांब नसता, तर पहिल्या रांगेत बसला असता. तुझा बाप होता, आणि त्यानं तू जिंकलेलं परत करून टाकलं.

मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो, की साहेब, मी जिवंत आहे, पेन्शन चालू ठेवा. परवा कॉलेजात जाऊन तुझा दिला. प्राचार्य म्हणाले, लेखी द्या. त्याच टेबलावर, जिथं मागं अर्ज लिहिला होता, तिथं बसून लिहिलं की माझा मुलगा वीरधवल हयात आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन कागद लागले. मग म्हणालो, ज्या पोरांसमोर हार घातला त्या पोरांना बोलवा. बोलावली त्यांनी. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गप्प राहिलो तेही, अर्जाचंही. फौजेत कोर्ट मार्शल बघितलंय मी, पण त्या पोरांच्या नजरा त्याहून जड होत्या. कुणी हसलं मात्र नाही.

मग उत्कर्षा उठली. म्हणाली, "आबा, मग पुढच्या वर्षीचं बक्षीस दादाच द्यायला येतील ना?"

सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मला म्हणायचं होतं, माहीत नाही बाळ. तोंडातनं निघालं, "येणार की! बोलणं झालंय आमचं." टाळ्या पडल्या.

आईला हे घरी येऊन सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला.

आता तू काय ते बघ. स्टेजवर यायचं नसलं तर येऊ नको, मी त्या पोरांची पुन्हा माफी मागेन. पण घरी ये. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मला काय बोलायचंय ते बोल. मी मधे एक अक्षर बोलणार नाही.

तुझ्या वतीनं, तुला न विचारता, तिसऱ्यांदा बोललेला,
तुझा आबा